सातवी हिरवळ

सभा सातची. गणपूर्ती झाली सात दहाला,
कारण डॉक्टर फार्कर यांची गाडी वाळूत रुतली होती.
मी कागद जुळवते, पेन्सिलीला टोक काढते.
एकोणीस वर्षं क्रेगनॉख गोल्फ क्लबचं इतिवृत्त लिहिते आहे,
सभासद मात्र सहाच वर्षांपासून.
त्याआधी बायकांना मागच्या दाराने आत येता यायचं,
पुरुषांनी काय ठरवलं ते टंकता यायचं.

भिंतीवर माजी कप्तान, सोनेरी अक्षरांत.
कपाटात ती लाकडी पेटी.
नवा सभासद घ्यायचा तर हात आत घालायचा,
गोटी सोडायची, चेहरा कोरा ठेवायचा.
दोन काळ्या निघाल्या की माणूस बाद.
कारण विचारायचं नाही.
घटनेतलं कलम अकरा.

आज विषयपत्रिकेवर माणूस नाही, खड्डा आहे.
सातव्या हिरवळीलगतचा बंकर मूळ स्वरूपात आणावा.
सूचक: श्री. लीथ-बकन. अनुमोदक: त्यांचेच मेव्हणे.
एक फोटो हातोहात फिरतो,
१९०८, उभी कड, अरुंद तोंड,
आत गुडघाभर वाळूत कुणीतरी, ओळख पटत नाही.
कुणी म्हणतं आठ नव्हे, सव्वीस सालचा खरा.
कुणी आजोबांची आठवण पुढे करतं,
कुणी ड्रेनेजचा खर्च.
तासभर आम्ही सालांचा लिलाव करतो
आणि व्हिस्की संपत येते.

मग कप्तान म्हणतात, वॉटी, तुझं काय?

वॉटी इमलाक दाराशी. पगारी माणूस, त्याला मत नाही.
बुटांना चिखल, म्हणून गालिच्याच्या अलीकडे.
मूळचंच म्हणाल, तो म्हणतो,
तर तो खड्डा मेंढ्यांनी केलाय.
उत्तरेचा वारा सुटला की तिथे टेकाडाला पाठ लावून बसायच्या.
बसून बसून गवत गेलं, वाळू उघडी पडली.
मग कुणीतरी त्यात चेंडू घालवला
आणि तुम्ही त्याला नाव दिलंत.

हशा.
मी लिहिते: चर्चा झाली.

आणखी एक, वॉटी म्हणतो.
समुद्र या हिवाळ्यात चार पावलं आत आला.
आता खड्ड्यापासून एकवीस.
खजिनदार चष्मा काढतात. कुणाची पावलं?
माझी.
वडिलांच्या वेळी शंभराच्या वर होती.
त्यांची पावलं लहान, तेवढं वजा करा.

खिडकीपलीकडे धुकं, धुक्यापलीकडे तो,
ज्याचा अर्ज कधी आलाच नाही
आणि ज्याच्यासाठी पेटी काढायची सोय नाही.
तीन जणांची उपसमिती नेमली.
अहवाल वसंतात.
आभारप्रदर्शन. सभा संपली.

दुसऱ्या दिवशी पहाटे माझी छत्री राहिली म्हणून गेले,
तर सातव्याच्या समुद्राकडच्या कडेला
वॉटी गुडघ्यांवर.
दुधावरची साय उचलावी तशी
हिरवळ काढतो आहे, हातभर चौकोन, अंगठाभर जाड.
ढकलगाडीत आधीच सहा, ओल्या पोत्याखाली.
अकराव्याच्या मागे, औजारांच्या खोपीआड
त्याने वाफा केलाय. नऊ वर्षं झाली म्हणे.
दर हिवाळ्यात कडेकडेने थोडी,
कुणाच्या लक्षात येणार नाही इतकी.
तेच गवत, तीच मुळं,
उंचसखलसुद्धा त्याने दोरीने मापून तसंच ठेवलंय,
आणि शेजारी, मी नीट पाहिलं,
मेंढी मावेल एवढा एक खळगा.

इतिवृत्ताची नऊ वर्षं मी मनातल्या मनात चाळते.
ठराव नाही. मंजुरी नाही. बियाण्याचं बिलदेखील नाही.

तो वर बघतो. मी काही विचारेन असं त्याला वाटतं.

कलम अकरा, मी म्हणते.

त्याला कळत नाही. कसं कळणार,
घटना त्याला कधी कुणी दाखवलीच नव्हती.
दोन्ही हात खालून घाल, तो म्हणतो, मधे मोडते.
मी छत्री वाळूत खोचते.
चौकोन वाटला होता त्याहून जड,
खालून मुळं लोंबतात, पांढरी, बारीक,
मनगटाला गार लागतात.